यंत्रांवरची लेबलं: पावसाळ्यानंतरही स्कॅन व्हावीत म्हणून

ड्रिल मशीन, लॅपटॉप, भाड्याने बाहेर जाणारी लाइट, काहीही असो, लेबलाचं काम एकच: ही नेमकी कोणती वस्तू, ते सांगणं. किंमत, खरेदीची तारीख, विभाग, ताबा कोणाकडे, हे सगळं रजिस्टरमध्ये ठेवा. नंबरातच ‘अंधेरी’ किंवा ‘अकाउंट्स’ कोंबलंत, तर मशीन भिवंडीच्या गोदामात गेल्या दिवशी नंबर खोटा ठरतो. म्हणून सहा आकडी, सरळ चढता नंबर घ्या आणि तो १००००१ पासून सुरू करा. सुरुवातीला शून्य ठेवलं, तर एक्सेल ते गिळतं आणि लेबल व यादी जुळेनाशी होते.

छापताना आकडे इंग्रजीच वापरा. मराठी एक आणि इंग्रजी नऊ, मराठी चार आणि इंग्रजी आठ यांची गल्लत होते, आणि अर्धवट झिजलेल्या लेबलावर तर हमखास होते. अक्षर घालायचंच असेल, तर ओ आणि आय टाळा. ती शून्य आणि एक म्हणून वाचली जातात.

बाजारात सहज मिळणारा ५० × २५ मिमीचा रोल बहुतेक ठिकाणी पुरतो. एका बाजूला क्यूआर, शेजारी किमान ४ मिमी उंचीचा ठळक नंबर, खाली बारीक अक्षरात कंपनीचं नाव आणि वस्तू सापडल्यास कळवायचा फोन. लोगोसाठी कोड लहान करू नका.

क्यूआरचं गणित एकदा नीट समजून घ्या. सर्वांत लहान क्यूआर २१ × २१ चौकोनांचा असतो. सहा आकडे त्यात सर्वांत वरच्या, म्हणजे ‘एच’ पातळीच्या दुरुस्तीसह मावतात. या पातळीला कोडचा साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. चारही बाजूंना चार-चार चौकोनांची कोरी जागा लागते, म्हणजे एकूण २९. २०३ डीपीआयचा, म्हणजे इंचाला २०३ ठिपके छापणारा बारकोड प्रिंटर एका मिलिमीटरला ८ ठिपके छापतो. चौकोन ४ ठिपक्यांचा धरला, तर कोड साडेचौदा मिमीचा होतो. ६ ठिपक्यांचा धरला, तर सुमारे २२ मिमीचा, आणि तोही या लेबलावर बसतो. कोडचं चित्र माऊसने ओढून लहान-मोठं करू नका. चौकोन पूर्ण ठिपक्यांवर बसले नाहीत की कडा वेड्यावाकड्या येतात. प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमधूनच कोड तयार करा. आत नंबराऐवजी ३५ अक्षरांची लिंक घातली, तर ‘एम’ या कमी दुरुस्तीच्या पातळीलाही २९ × २९ चौकोन लागतात आणि वेबसाइट बंद पडली की सगळी लेबलं निकामी होतात. नुसता नंबर बरा.

काळा रंग, पांढरी जमीन, मॅट पृष्ठभाग. लाल पट्ट्या लाल प्रकाशाच्या स्कॅनरला दिसतच नाहीत आणि चकचकीत लेबलावर ट्यूबलाइट चमकते.

आता सामग्री, कारण मुंबईत लेबलं बहुधा इथेच हरतात. क्रोमो, म्हणजे साध्या स्टिकरचा गुळगुळीत कागद, दमट हवेत फुगतो आणि कडेने सुटतो. बिलाच्या पावतीसारखी थेट उष्णतेने होणारी छपाई ऊन आणि गरम मशीनमुळे जाते किंवा काळवंडते. पॉलिएस्टर स्टिकर आणि रेझिन रिबन (प्रिंटरमधली शाईची फीत) ही जोडी घ्या. मेणाची रिबन स्वस्त असते, पण पॉलिएस्टरवर नखाने खरवडली तरी निघते. तेल, डिझेल किंवा उष्णता सोसणाऱ्या यंत्रावर कोरलेली ॲनोडाइज्ड (वर टणक ऑक्साइडचा थर दिलेली) ॲल्युमिनियमची पट्टी लावा, रिव्हेटही ॲल्युमिनियमचाच. लोखंडी रिव्हेट खाऱ्या हवेत गंजून पट्टी सोडतो. कॉम्प्रेसरच्या टाकीला मात्र रिव्हेटसाठी कधीही भोक पाडू नका, ती दाबाखालची टाकी आहे. तिथे पट्टी फ्रेमवर बसवा किंवा स्टीलच्या तारेने बांधा.

सोलून काढलं की मागे ‘व्हॉइड’ (रद्द) अशी छाप सोडणारं लेबल चोरीच्या भीतीने घेतलं जातं, पण खडबडीत पावडर कोटिंगवर त्याचा गम पुरता धरत नाही आणि छापही उमटत नाही. ते गुळगुळीत धातूवर किंवा लॅपटॉपवरच वापरा.

लावण्याआधी जागा ७० टक्के आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून पूर्ण सुकू द्या. जुलैत एसी खोलीतून बाहेर काढलेल्या मशीनवर दव धरतं, डोळ्यांना ते जाणवतही नाही. वस्तू बाहेरच्या हवेला येईपर्यंत थांबा. गंजावर लावलेलं लेबल गंजाच्या पापुद्र्यासकट निघतं, म्हणून आधी घासून रंग द्या. मध्यापासून कडेकडे दाबत न्या. गम पूर्ण धरायला २४ ते ७२ तास लागतात, तोवर धुवू नका. कोपरे गोल कापलेलाच रोल मागवा, चौकोनी कोपरा सर्वांत आधी उचलला जातो.

जागा निवडताना बॅटरी, झाकण असे सुटे भाग, हवा जाण्याच्या फटी आणि कंपनीचा सीरियल नंबर टाळा. पाइपसारख्या गोल वस्तूवर पट्ट्यांचा बारकोड लावायचा, तर पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या याव्यात, नाहीतर टोकाच्या पट्ट्या वळणामागे जातात. केबलला झेंड्यासारखं दुमडलेलं लेबल लावा.

शेकड्याने छापण्याआधी दहा छापा आणि खऱ्या वस्तूंवर लावा. तीन दिवसांनी गाळ्यात जे वापरता, म्हणजे साबण, थिनर, डिझेल, त्याने ओल्या फडक्याने घासा आणि मंद उजेडात साध्या मोबाइलने स्कॅन करून बघा.

रजिस्टरमध्ये प्रत्येक नंबरापुढे सीरियल नंबर, ठिकाण आणि शेवटच्या पडताळणीची तारीख हवी. कॅरो २०२० (ऑडिट अहवालात काय सांगायचं ते ठरवणारा सरकारी आदेश) लागू असलेल्या कंपन्यांचा ऑडिटर संख्या, ठिकाण आणि प्रत्यक्ष पडताळणी विचारतोच. लेबल फाटलं, तर सीरियल नंबर जुळवून तोच नंबर पुन्हा छापा. भंगारात गेलेल्या यंत्राचा नंबर मात्र दुसऱ्या कुणाला देऊ नका, नाहीतर जुन्या दुरुस्तीची बिलं नव्या मशीनच्या नावावर चढतात.