गिऱ्हाईक टिकवणारी भेटवस्तू कशी निवडावी

दिवाळीच्या आठवड्यात दुकानात येईल त्याच्या हाती उटण्याची पुडी ठेवण्याचा रिवाज अनेक किराणा दुकानदार पाळतात. परंतु ती पुडी कोणाकडे गेली, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. म्हणून वाटपाआधी खातेवही उघडावी आणि दर महिन्याला वाणसामानाची यादी देणारी घरे कोणती, तसेच पूर्वी यादी देत असून आता न फिरकणारी कोणती, हे वेगवेगळे लिहून काढावे. अधूनमधून ब्रेड-कोथिंबीर नेणाऱ्यांना यात धरू नये.

खर्चाची मर्यादा विक्रीवरून नव्हे, तर नफ्यावरून ठरवावी. समजा, एक घर महिन्याला 4,000 रुपयांचे सामान नेते आणि खर्च वजा जाता शेकडा 8 रुपये सुटतात; म्हणजे त्या घरापासून वर्षाला 3,840 रुपये मिळतात, आणि त्यातले शंभर-सव्वाशे रुपये भेटीवर घालणे परवडते. भेटवस्तू खरेदी करताना भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट, म्हणजे विक्रीवर भरायच्या करातून त्याची वजावट, 2017 च्या कायद्यानुसार मिळत नाही, त्यामुळे वस्तूची किंमत करासकट धरावी. ‘एकावर एक मोफत’ ही योजना मात्र भेट नव्हे, तर दोन वस्तूंची एका किमतीत विक्री मानली जाते, हे 2019 च्या परिपत्रकाने स्पष्ट केले आहे.

वस्तूंमध्ये माझी पसंती दिनदर्शिकेला आहे. मराठी घरात ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर वर्षभर असते. तिच्या चौकटींत दुधाचा रतीब, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख आणि कामवाल्या बाईंचे खाडे लिहिले जातात, आणि खालच्या पट्टीवरचा दुकानाचा फोन क्रमांक तेल संपल्याबरोबर डोळ्यांसमोर येतो. छपाईची मागणी दसऱ्याच्या सुमारास नोंदवावी, कारण खिळ्यावर दुसऱ्याची दिनदर्शिका लागली की आपली गुंडाळलेलीच राहते. 2018 च्या प्लास्टिकबंदीनंतर कापडी पिशवीही उपयोगी ठरली आहे. मात्र तिचे बंद थेट तळापर्यंत शिवून घ्यावेत, कारण पाच किलो तांदूळ घेऊन जिना चढताना बंद तुटला, तर पिशवीवर छापलेले दुकानाचे नाव नको त्या कारणासाठी लक्षात राहते. पेन आणि किचेन यांवर पैसे घालवू नयेत.

लकी ड्रॉचा मोह आवरावा. विक्री वाढवण्यासाठी लॉटरी किंवा नशिबावर अवलंबून असलेला खेळ घेणे, नियमांनी ठरवलेले अपवाद वगळता, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडते. भेटीची किंमत मालाच्या दरात मिसळून ती ‘मोफत’ म्हणून सांगणेही त्याच व्याख्येत येते.

न फिरकणाऱ्या घरांना भेट पाठवण्याआधी फोन करावा. सामान उशिरा पोहोचणे, गव्हात किडे निघणे किंवा उधारीचा तगादा चारचौघांत लावला जाणे, अशी कारणे तेव्हा कळतात आणि त्यांवर पिशवीचा उपाय चालत नाही. भेट दिल्यावर त्या घराच्या खात्यावर तारीख टाकावी, तीन महिन्यांनी यादी पुन्हा येऊ लागली का ते पाहावे आणि पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिकांची संख्या त्यावरूनच ठरवावी.