कठीण विद्यापीठ निवडण्याआधीची तयारी

पहिलं काम घरीच बसून करायचं. गेल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त ताण कधी आला होता ते आठवा आणि तेव्हा काय झालं ते वहीत लिहा: झोप उडाली, जेवण सुटलं, की उलट अभ्यासाला धार आली? एखादं गणित सुटेना म्हणून रात्र जागवणं वेगळं आणि निकालाच्या धास्तीनं जागणं वेगळं. ते पान जपून ठेवा.

मग वेळेचा हिशेब. युरोपात अभ्यासाचा भार क्रेडिटमध्ये मोजायची ईसीटीएस नावाची पद्धत आहे. तिच्यात पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात. म्हणजे वर्षाला १,५०० ते १,८०० तास. तुमच्या यादीतल्या प्रत्येक विद्यापीठाचा असा आकडा काढा आणि तो किती आठवड्यांत कोंबलाय ते पाहा. ऑक्सफर्डची टर्म आठ आठवड्यांची असते. एक आठवडा तापात गेला, तर टर्मचा आठवा हिस्सा गेला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही: इथे अडखळलेल्याचं काय होतं? अभ्यास कठीण असणारच, त्यासाठीच तर तिथे जायचंय. पण नापास झालेला विषय पुन्हा कधी घेता येतो? वर्षभर थांबावं लागतं का? शिष्यवृत्ती किती गुणांखाली बंद होते? शाखा बदलता येते का? आजारपणामुळे सत्र सोडलं तर परतताना नव्यानं अर्ज करावा लागतो का? ऐन परीक्षेच्या दिवसांत समुपदेशकाची पहिली भेट किती दिवसांनी मिळते? उत्तरं माहितीपत्रकात शोधू नका, नियमावलीत शोधा. अमेरिकेतल्या एमआयटीत पहिल्या सत्रात नापास झालेला विषय बाहेर दिल्या जाणाऱ्या गुणपत्रिकेवर येतच नाही. याउलट तिथल्याच प्रिन्स्टन विद्यापीठानं २००४ मध्ये 'ए' श्रेणीचं प्रमाण ३५ टक्क्यांच्या आत ठेवायचं धोरण आणलं होतं. २०१४ मध्ये ते मागे घेतलं. श्रेणी अशा मोजून वाटल्या की शेजारी बसलेला मित्रही स्पर्धक वाटू लागतो. तेव्हा गुण कसे देतात, हेही विचाराच.

विचारायचं कुणाला? कॅम्पस दाखवायला नेमलेल्या विद्यार्थ्यांना तर नाहीच. दुसऱ्या वर्षाची मुलं गाठा, आणि जमलं तर मधेच सोडून गेलेलं कुणीतरी. 'खूश आहेस का?' असं विचारलंत तर 'हो' एवढंच हाती लागेल. 'मागच्या रविवारी काय केलंस?' असं विचारा आणि उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते बघा. 'आनंदी विद्यार्थ्यांच्या' क्रमवाऱ्यांवर माझा फारसा भरवसा नाही. सोडून गेलेल्यांची मतं त्यात कुठे असतात?

आजवर वर्गात पहिले येत असाल, तर तिथे मधल्या रांगेत बसायची तयारीही हवी. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञानं दाखवलंय की तेवढ्याच कुवतीचा विद्यार्थी हुशारांच्या गर्दीत स्वतःला कमी लेखू लागतो. पहिल्या चाचणीनंतर हे आठवलं तरी पुरे.

फी भरायच्या आदल्या दिवशी वहीतलं ते पान काढून जमवलेल्या उत्तरांशेजारी ठेवा. आणि घरच्यांना आधीच विचारून घ्या: पहिल्याच सत्रात दोन विषय राहिले, तर त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलेलं चालेल ना?