खुब्याचा कृत्रिम सांधा सैल होतो तेव्हा: कारण ओळखा आणि लक्ष ठेवा

खुब्याचा सांधा बदलून काही वर्षे झाली आणि दुखणे नाही, म्हणून तपासणी थांबवू नये, कारण जंतुसंसर्गाशिवाय होणारे सैलपण पुष्कळदा हाड बरेच झिजून जाईपर्यंत काहीच जाणवू देत नाही.

कृत्रिम चेंडू पॉलिएथिलीनच्या वाटीत फिरताना दर पावलागणिक प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण सुटतात आणि त्यांतील बरेचसे एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. शरीरातील मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी हे कण जंतूंप्रमाणे गिळतात; पण प्लॅस्टिक पचत नसल्यामुळे त्या चिडलेल्याच राहतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१ व इंटरल्युकिन-६ यांसारखी दाहकारक द्रव्ये सोडत राहतात. या द्रव्यांच्या प्रभावाखाली रँकएल नावाचे प्रथिन वाढते, हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार होतात आणि सांध्याला धरून ठेवणारे हाड हळूहळू नाहीसे होते. एके काळी याचा दोष सांधा बसवण्याच्या सिमेंटला देण्यात आला होता. सिमेंट न वापरलेल्या सांध्यांभोवतीही हाड झिजलेले आढळल्यावर ते निदान मागे पडले. ब्रिटिश शल्यविशारद जॉन चार्न्ली यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली, ती वेगाने झिजली, आणि १९६२ मध्ये ते पॉलिएथिलीनकडे वळले. पुढे आलेल्या क्रॉसलिंक केलेल्या (रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडून अधिक टिकाऊ केलेल्या) पॉलिएथिलीनमुळे झीज बरीच घटली आहे, मात्र ती शून्य झालेली नाही.

लक्ष ठेवताना दुखण्याची जागा नीट सांगावी. जांघेतील दुखणे बहुधा वाटीकडे, तर मांडीतील दुखणे मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्याकडे बोट दाखवते; बसून उठल्यावर पहिल्या काही पावलांना कळ येऊन मग ती ओसरणे, ही सैलपणाची खास खूण आहे. याउलट विश्रांतीच्या वेळी किंवा रात्रीही दुखत असेल, ताप असेल अथवा जखमेतून स्राव येत असेल, तर जंतुसंसर्गाची शक्यता धरून लगेच डॉक्टरांकडे जावे. संसर्ग नाही याची खात्री करण्यासाठी ईएसआर व सीआरपी या शरीरातील दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करतात आणि गरज भासल्यास सांध्यातील द्रव सुईने काढून तपासतात.

एक्स-रेच्या बाबतीत माझा आग्रह एकच आहे: शस्त्रक्रियेनंतरचा पहिला एक्स-रे आणि बसवलेल्या सांध्याची माहिती देणारे कार्ड जपून ठेवावे व प्रत्येक भेटीला सोबत न्यावे. एकट्या ताज्या चित्रात रोपणाच्या कडेची काळसर रेघ फारसे सांगत नाही. तीच रेघ जुन्या चित्राच्या तुलनेत रुंदावलेली दिसली, किंवा दांडा खाली सरकलेला आढळला, तर ते महत्त्वाचे ठरते. पुढील तपासणी किती अंतराने करायची हे सांध्याचा प्रकार व रुग्णाचे वय पाहून डॉक्टर ठरवतात. धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांत रक्तातील कोबाल्ट व क्रोमियमही मोजावे लागते.

सैल झालेला सांधा औषधाने पुन्हा घट्ट होत नाही. तो बदलावा लागतो, आणि भोवतालचे हाड जितके शिल्लक असेल तितकी ती दुसरी शस्त्रक्रिया सोपी जाते.