न बोललेले आधारविधान शोधताना

तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला ॲरिस्टॉटलचे ‘ऱ्हेटॉरिक’ हे वक्तृत्वकलेवरचे पुस्तक वाचायला घेतले, तेव्हा ‘एन्थिमीम’ म्हणजे एक आधारविधान (निष्कर्ष ज्यावर टेकतो ते विधान) गाळलेला युक्तिवाद, ही पुढच्या काळात रूढ झालेली व्याख्या मी पाठ करून बसले होते. त्यामुळे प्रत्येक उदाहरणाशेजारी अध्याहृत वाक्य पेन्सिलीने लिहून युक्तिवाद ‘पूर्ण’ करायचा, असा माझा परिपाठ होता. डोरिअस या ग्रीक खेळाडूच्या उदाहरणात ते सहज जमले. त्याने मुकुट मिळणारी स्पर्धा जिंकली हे पटवायला तो ऑलिंपियात जिंकला एवढे पुरते. तिथे बक्षीस मुकुटाचे असते, हे सर्वांना ठाऊक असते. न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेप्रमाणे युक्तिवादाचे पाचही अवयव, म्हणजे टप्पे, स्पष्ट मांडण्याची सवय असलेल्या मला ही काटकसर आरंभी ढिलाईच वाटली होती.

मी अडले ते थोडे पुढे, ‘त्याला ताप आहे, कारण त्याचा श्वास जोरात चालला आहे’ या उदाहरणापाशी. मी इमानाने लिहिले : ‘ज्याचा श्वास जोरात चालतो, त्या प्रत्येकाला ताप असतो.’ लिहून झाल्यावर लक्षात आले, की हे उघडच खोटे आहे. जिने चढून आलेल्यालाही धाप लागते. ऐकणाऱ्याला पटण्याजोगा युक्तिवाद ‘प्रत्येक’ हा शब्द घालून मीच मोडला होता. उलट ‘ती बाळंत झाली आहे, कारण तिला दूध आले आहे’ ही खूण ॲरिस्टॉटल अनिवार्य मानतो आणि तिला ‘टेकमेरिऑन’ असे वेगळे नाव देतो.

म्हणून नव्याने वाचणाऱ्यांनी पेन्सिल उचलण्याआधी तिथे ‘नेहमी’ हवे की ‘बहुधा’, हे ठरवावे, आणि बोलणे कोणापुढे चालले आहे ते पाहावे. अथेन्समध्ये सार्वजनिक खटल्याला सामान्यतः 501 नागरिक न्यायदानाला बसत आणि निकाल त्याच दिवशी लागे. अशा समुदायापुढे अनुमानांची लांबलचक साखळी टिकत नाही, आणि ठाऊक असलेलेच पुन्हा सांगितले तर ऐकणारा कंटाळतो.

सरावासाठी युरिपिडीसच्या नाटकातले, ॲरिस्टॉटलने घेतलेले वचन मला फार मोलाचे वाटते : कोणीही माणूस स्वतंत्र नाही, कारण तो पैशाचा किंवा दैवाचा दास असतो. पहिला भाग नुसता सुभाषित आहे; कारण जोडताच त्याचा एन्थिमीम होतो. ‘दास स्वतंत्र नसतो’ हे मात्र कोणी उच्चारत नाही. घरोघरी दास राबत असलेल्या त्या नगरात ते कोणाला सांगावे लागत नव्हते.