लिव्हर स्पंजासारखा दबतो तेव्हा

पांदणीतून सायकल नेली की काळी माती हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) डिस्क ब्रेकच्या कॅलिपरात, म्हणजे चाकाजवळच्या पॅड धरणाऱ्या भागात, भरतेच. ती ओल्या फडक्यानं पुसा. पण लिव्हर दाबताच हँडलला टेकत असेल तर तेलाच्या नळीत हवा शिरली समजा.

आधी तेल पाहा. माझ्या शिमानो कंपनीच्या ब्रेकात मिनरल ऑइल. डॉट (DOT, वेगळ्या प्रकारचं ब्रेक तेल) लिहिलेल्यात डॉटच. अदलाबदल केली की सील खराब.

एकदा चाक काढून ठेवलं अन् पोरानं लिव्हर दाबला. पॅड ढकलणारे पिस्टन पुढे येऊन पॅड एकमेकांना चिकटले ना बाप्पा! प्लास्टिकच्या टायर लिव्हरनं हळूच मागं सारले. आता चाक काढलं की पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी घालतोच.

हवा काढताना पॅड बाहेर, दोन्ही पिस्टनांच्या मध्ये ठोकळा. लिव्हरवर नरसाळं बसवा, कॅलिपरच्या निपलला (तेल भरायच्या तोंडाला) सिरिंज लावून तेल सावकाश वर चढवा, बुडबुडे थांबेपर्यंत. निपल घट्ट करूनच सिरिंज काढा. तेल सांडलेल्या पॅडचा मोह सोडा, नवे घ्या.