शिमग्यानंतर किनाऱ्यावरचे पक्षी बघायचे तर

अंजर्ल्याला पक्षी बघायला येणारे पाहुणे विचारतात, "सकाळी किती वाजता निघू?" मी आधी त्यांना कॅलेंडरात तिथी बघायला लावते. या पक्ष्यांचा दिवस भरती-ओहोटीवर ठरतो आणि भरती तिथीवर.

कोळ्यांचा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. ओहोटी त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी किंवा नंतर. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी उतरतं ते भर दुपारी. पक्षी लांब पाण्याच्या कडेला आणि वाळूवरची हवा लवलवत असते. दुर्बिणीत नुसते ठिपके दिसतात. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, मात्र ओहोटी पहाटे असते. उजाडलं की पाणी चढायला लागतं आणि पुळणीवर विखुरलेले थवे हळूहळू तुमच्याकडे सरकत येतात. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळचं ऊन आपल्या पाठीवर आणि उजेड थेट पक्ष्यांवर. म्हणून त्रयोदशी ते द्वितीया हे दिवस निवडा. होळीपौर्णिमा आणि हनुमान जयंतीच्या आसपासचे तर सोडूच नका.

जागा शक्यतो खाडीच्या मुखाची. आमच्याकडे जोग नदी, रत्नागिरीला भाट्ये. अलिबागजवळची आक्षीची पुळणही फार चांगली. ८×४२ची दुर्बीण पुरते. सुरूच्या सावलीत बसा आणि बसूनच राहा.

सगळ्यात आधी चिखल्या बघा. वाळूवर थव्याने दिसणारा हा लहान पक्षी, लेसर सँड प्लोव्हर, चार पावलं धावतो, थबकतो, टोचतो, परत धावतो. माघात तो वाळूच्याच रंगाचा असतो. चैत्रापर्यंत त्याच्या छातीवर विटकरी रंग चढतो, डोळ्यावरून काळी पट्टी येते. लडाख-तिबेटच्या पठारांवर वीण घालायला निघायची ही तयारी. कर्ल्यू सँडपायपर तर पोटापर्यंत तांबडा होतो आणि पार सायबेरियाच्या उत्तर टोकाकडे जातो. थव्यात एखादा फिकाच राहिलेला दिसला तर तो बहुधा पहिल्या वर्षाचा. असे बरेच पक्षी पावसाळाभर इथेच थांबतात.

कुरव, म्हणजे सीगल, ओळखताना लोक डोक्याच्या रंगावर जातात आणि फसतात, कारण याच दिवसांत डोकी रंग बदलत असतात. पंख बघा. पंखाचं टोक काळं आणि त्यात पांढरे ठिपके, तर तपकिरी डोक्याचा कुरव. पंखाची पुढची कड पांढरी, तर काळ्या डोक्याचा. दोघांहून खूपच मोठा, कुळकुळीत काळ्या डोक्याचा आणि पिवळ्या चोचीचा दिसला तर तो पलासचा कुरव. कुठे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर जरा लांब उभे राहा, कुरव तिथे आपणहून जमतात.

आता माझं कळकळीचं मागणं. हे पक्षी सध्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवत आहेत. उडता थवा टिपायला त्यांच्यात धावत जाऊ नका, कुत्रा मोकळा सोडू नका, गाडी पुळणीवर घालू नका. प्रत्येक उडवण्याने त्यांची साठवण खर्च होते. टोचणं थांबवून माना वर झाल्या की समजा, आपण फार जवळ आलोय. तिथूनच मागे फिरा.

एखाद्याच्या पायात रंगीत पट्टी दिसली तर फोटो काढा. पट्टीचा रंग, अक्षरं आणि ती कोणत्या पायात आहे हे लिहून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. बाकी यादी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, अंदाजे का होईना, आकड्यांसकट. पहिला थवा आला की सगळेच नोंद करतात. शेवटचा कधी दिसला हे कळायचं तर एप्रिल संपल्यावरही किनाऱ्यावर जावं लागतं. तेव्हा मे महिन्यातही एक-दोनदा चक्कर मारा आणि काहीच दिसलं नाही तर तेही लिहा.