कॅम्पर व्हॅन घेऊन किनाऱ्यावर जाताय? ‘पहिल्या लाइन’चा हट्ट सोडा आणि या चुका टाळा

शुक्रवारी रात्री वाशीहून किंवा ठाण्याहून निघायचं, पेण-वडखळ मागे टाकायचं आणि नागाव, काशीद नाहीतर थेट दिवेआगर गाठून गाडीतच झोपायचं. कॅम्पर व्हॅन भाड्याने मिळू लागल्यापासून आपल्याकडे हा बेत बराच होतो. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, पण पाणी, वीज आणि मैला रिकामा करायची जागा अशी तिन्ही सोयी असलेली कॅराव्हॅन पार्क किनाऱ्यालगत सहज सापडत नाहीत. त्यामुळे मुक्काम पडतो तो कुणाच्या तरी वाडीत, होमस्टेच्या अंगणात.

तिथे पोचलं की बहुतेकांचा एकच आग्रह असतो: गाडी अगदी पुढे, काच समुद्राकडे. माझ्या मते निम्मे घोटाळे या आग्रहातून होतात. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे समुद्राकडे काच केली की दुपारी तीनपासून मावळतीपर्यंत ऊन थेट आत. सूर्यास्ताचा फोटो छान येतो, पण गाडीची भट्टी रात्री दहापर्यंत निवत नाही. गाडी एक गल्ली मागे, वाडीत लावा आणि समुद्रावर चालत जा. तसंही तीन मिनिटांचं अंतर असतं.

वाडीत लावतानाही वर बघायला विसरू नका. माडाखाली गाडी लावू नये हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक असतं, पाहुण्यांना मात्र सावली दिसते आणि नारळ दिसत नाही. चौल-नागावच्या गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आणि वरून घराघरांत गेलेल्या विजेच्या लोंबत्या तारा. उंच टपाची गाडी, त्यावर एसी आणि सोलर पॅनल असेल तर एकूण उंची मोजून डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा. अंदाजाने गाडी आत घालायची आणि मग अंधारात रिव्हर्स घेत बसायचं, यात टपावरचं काहीतरी हमखास फुटतं.

भरतीची वेळ न बघणं

मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं. रेंज गेली तर जुना हिशेब उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. दिवसाही आणि रात्रीही. मिनिटांचा काटा यात नाही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं, यावरूनच पाणी किती मागे सरतं ते कळावं. जे मागे जातं ते साधारण सहा तासांत परत येतं.

याच हिशेबाने कोजागिरी बघा. किनाऱ्यावर मसाला दूध आटवायला लोक मध्यरात्र गाठतात आणि पौर्णिमेची पूर्ण भरतीही मध्यरात्रीच्या आगेमागेच येते. शेगडी आणि खुर्च्या मागे ओढायची धावपळ दरवर्षी बघायला मिळते. शनिवार-रविवार निवडायला वाव असेल तर भांगाचा निवडा.

तिथी नको असेल तर वाळू वाचा. किनाऱ्यावर शिंपले, काटक्या, सुरूच्या सुया आणि थर्माकोलचे तुकडे यांची एक ओळ पडलेली असते. ती शेवटच्या भरतीची. तिच्याही वर, जरा सुकलेली, विस्कटलेली दुसरी ओळ दिसते. ती मागच्या उधाणाची. या वरच्या ओळीच्या समुद्राकडच्या बाजूला काहीही मांडायचं नाही, गाडी तर नाहीच. वाडीचे मालक काका संध्याकाळी येऊन “गाडी जरा आत घ्या, उद्या अमावास्या आहे” असं म्हणाले तर कारण न विचारता किल्ली फिरवावी.

चाक रुतल्यावर ॲक्सिलरेटर दाबणं

मुळात गाडी पुळणीवर न्यायचीच नाही. पोलीस कारवाई करतात, आणि ती योग्यच आहे. पण सुरूच्या बनातली वरून घट्ट दिसणारी जमीनही भुसभुशीत निघते. कॅम्परचं वजन पाण्याच्या टाकीसकट दोन-तीन टनांच्या पुढे सहज जातं. चाक जागीच फिरायला लागलं की लगेच थांबा. प्रत्येक रेसला ते आणखी खाली जातं आणि गाडीचं पोट वाळूला टेकलं की खेळ संपला. माणसं उतरवा, पाण्याची टाकी रिकामी करा, चाकांच्या पुढची-मागची वाळू हाताने काढा आणि टायरची हवा नेहमीच्या निम्म्यापर्यंत उतरवा. चाकांखाली गोणपाट किंवा झावळ्या घालून, आलेल्याच चाकोरीने, हळू मागे या. ट्रॅक्टर बोलवावा लागला तर दोर टो-हुकलाच बांधायचा, बंपरला नाही, आणि दोर ताणलेला असताना कुणी जवळ उभं राहायचं नाही. हवा भरायचा छोटा पंप जवळ नसेल तर हवा सोडू नका, कारण अर्ध्या हवेवर डांबरी रस्त्याने अलिबागपर्यंत जाणं टायरला महागात पडतं.

वीज: प्लग बसला म्हणजे काम झालं असं नाही

होमस्टेवाले वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवरून वायर ओढून देतात. २३० व्होल्टला त्यातून जेमतेम ३,४५० वॉट मिळतात. तुमचा एसी दीड हजार खातो, इंडक्शन दोन हजार. दोन्ही लावले की एमसीबी पडणार, आणि तो तुमचा नाही तर त्यांच्या घराचा. मग अंधारात, ओल्या पायांनी, बोर्ड शोधत फिरणं आलं. एका वेळी एकच मोठं यंत्र चालवा.

जोडण्याआधी सॉकेट टेस्टरने अर्थिंग तपासा. बऱ्याच घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे काहीच नसतं. अशा जागी पत्र्याच्या गाडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ‘थोडा करंट येतोच’ म्हणून सोडून देऊ नका, प्लग काढा. वायर २.५ चौरस मिलिमीटरची हवी आणि रीळ पूर्ण उलगडलेलं. गुंडाळलेलं रीळ भार घेतला की तापतं आणि त्याचं इन्सुलेशन वितळतं.

बॅटरीवर रात्रभर एसी चालेल असं भाड्याने देणारा सांगत असेल तर हिशेब मांडा. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे २,४०० वॉट-तास. हजार-बाराशे वॉटचा एसी त्यावर दोन तास चालतो. सुरूच्या सावलीत टपावरचं सोलर पॅनल फार हातभार लावत नाही.

यावर उपाय म्हणून इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून झोपणं, ही या लेखातली सगळ्यात घातक चूक. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघांचा मृत्यू झाला. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही, झोपेत कळत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गाडीत आहे का, हे गाडी घेतानाच विचारा. त्याच वेळी नंबर प्लेटही बघा: सेल्फ-ड्राइव्ह भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो.

एसीशिवायही निभतं. डेझर्ट कूलर मात्र नेऊ नका, दमट हवेत तो फक्त ओल वाढवतो. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, उत्तररात्री मतलई वारे जमिनीकडून. समोरासमोरच्या दोन खिडक्या, जाळ्या आणि १२ व्होल्टचा पंखा एवढ्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी छान झोप लागते. मतलई वाऱ्याबरोबर वाडीतले डासही येतात, म्हणून जाळी दोन्ही बाजूंना हवी.

पाणी

घरून भरून न्या. किनाऱ्याजवळच्या विहिरी-बोअरवेलचं पाणी अनेकदा मचूळ असतं. चहा बिघडतो, पंप आणि गीझरमध्ये क्षार धरतात. नवी मुंबईकरांना मोरबे धरणाचं पाणी नळाला येतं, ते टाकीत भरा. ठाणेकरांनीही आपल्या नळाचं पाणी भरून न्यावं. गाडीतल्या टॉयलेटची कॅसेट (मैला साठवणारी, काढता येणारी टाकी) होमस्टेच्या शौचालयात ओतण्याआधी मालकांना विचारा. त्यातल्या रसायनाने सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि पुढचे आठ दिवस वास त्यांच्या अंगणात राहतो.

सराव कुठे करावा

पहिल्यांदाच गाडी घेत असाल तर एक रात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये काढा. सेक्रेटरींना आधी सांगा, वॉचमन दादांनाही. वाशीचं सागर विहार किंवा ठाण्यातली गायमुखची चौपाटी ही फिरायची ठिकाणं आहेत, मुक्कामाची नाहीत. खाडीकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटांनी कांदळवनात गाडी घालणं तर नकोच. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. भांडी घासलेलं साबणाचं पाणी तिथे सोडायचा विचारही करू नका.

परत आल्यावर

रविवारी रात्री दमून गाडी तशीच लावली जाते आणि मीठ आपलं काम सुरू करतं. ऐरोली-वाशीच्या खाडीकाठच्या लोकांना एसीची कॉइल गळण्याचा अनुभव आहेच. समुद्राकाठून आलेल्या गाडीचं वेगळं काही होत नाही. त्याच रात्री किंवा फार तर सोमवारी सकाळी गोड्या पाण्याचा फवारा खालून मारा: चॅसी, ब्रेक, चाकांच्या कमानी, पायरीच्या बिजागऱ्या. टपावरच्या एसीची जाळीही धुवा. बॅटरीची टर्मिनल पुसून त्यांना पेट्रोलियम जेली लावा, सगळ्या टाक्या रिकाम्या करा आणि फ्रीजचं दार उघडं ठेवा.